मांडीखालचे हात

"अर्ध्या चढावर थांबू नका, बाई. थांबायचं तर खाली थांबा, नाहीतर थेट वर," शेजारच्या सीटवरून ड्रायव्हिंग शिकवणारा मास्तर म्हणाला.

बाईंनी जीप खालीच थांबवली. उतरून चढ पायी चढल्या, कुठले दगड सैल आहेत ते बघून परत आल्या. मास्तर खूश झाला. बाकीचे शिकाऊ उतरायचाही आळस करतात आणि मग फोर-व्हीलच्या नावाने बोंब मारतात.

त्याला आजची शिकवणी नीट पार पाडायचीच होती. गेल्या वर्षी याच चढावर एका पोराला शिकवताना त्याची जीप कोलांटी खाऊन पडली होती. तेव्हापासून मालकाने त्याला जीपा धुवायला लावलं होतं. मालक माणूस चांगला, नुकसान होईपर्यंत. सकाळी चावी देताना म्हणाला, "आज गाडी आडवी झाली तर उद्या येऊ नकोस."

बाईंनी पट्टा लावला, लो गिअर टाकला. स्टिअरिंग धरलं ते अंगठे बाहेर ठेवून. चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग झटका मारतं, आत अडकलेला अंगठा मोडतो. पण हे मास्तरने अजून सांगितलंच नव्हतं.

"अंगठ्यांचं कुणी शिकवलं?"

"घरात एक ड्रायव्हर आहे. सध्या रिकामाच बसलाय."

"मग त्याच्याकडूनच शिकायचं की."

"त्याच्या हातात आता कुणी गाडी देत नाही. मास्तर, चढावर इंजिन बंद पडलं तर?"

"ब्रेक दाबून ठेवायचा. रिव्हर्स टाकायचा, क्लच सोडायचा, किल्ली फिरवायची. मग ब्रेक हळूहळू सोडत आल्या वाटेने सरळ मागे. घाबरून स्टिअरिंग फिरवलं की गाडी आडवी होते आणि लोळते."

"कुणी फिरवलं होतं?"

"होतं एक पोरगं. खांदा मोडला, नोकरी गेली. अंगात मस्ती, दुसरं काय."

हे त्याने इतक्या जणांना सांगितलं होतं की आता जीभ अडखळत नसे.

बाईंनी क्लच सोडला. जीप चढू लागली. अर्ध्यावर एका खडकाला अजून जुन्या जीपचा हिरवा रंग चिकटलेला होता. नेमकं तिथेच इंजिन बंद पडलं.

मास्तरने दोन्ही हात मांडीखाली कोंबले आणि त्यांच्यावर घट्ट बसून राहिला. बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग ब्रेक, रिव्हर्स, क्लच, किल्ली. जीप घरघरत, मुंगीच्या पावलांनी, सरळ खाली आली.

सपाटीवर मास्तर वेड्यासारखा हसत सुटला. गाडी शाबूत, नोकरी शाबूत. त्याने मुंग्या आलेले हात झटकले.

"जिंकलात, बाई. माझा तर जीव टांगणीला लागला होता."

"माझा वर्षभर लागलाय." बाईंनी लांब श्वास सोडला. कुणी डोक्यावरची पाटी उतरवून घ्यावी तशी त्यांची मान हलकी झाली. "इंजिन मीच बंद पाडलं, मास्तर."

"मुद्दाम? कशाला?"

"पोरगं रोज सांगतं, 'आई, स्टिअरिंग मी नाही, मास्तरने ओढलं.' बरं झालं आले, आज पटलं," बाई पट्टा सोडत म्हणाल्या. "नाहीतर तुम्ही हातांवर कशाला बसला असतात?"