ठिगळाचा मुहूर्त

नगरपरिषदेचा जन्म-मृत्यू विभाग व्हायरसच्या हल्ल्यातून सुखरूप वाचला. अर्थात कागदोपत्री असं काहीही घडलेलं नाही, कारण त्याला कोणाची परवानगीच नव्हती.

मी तिथला कंत्राटी ऑपरेटर. अपडेटसाठी विभागातला एकुलता एक संगणक तासभर मोकळा हवा, म्हणून वर्षभर हेडक्लार्क उंबरकरांच्या मागे लागलो होतो.

"साहेब, पॅच लावू द्या. नाहीतर व्हायरस शिरेल आणि गावाच्या सगळ्या नोंदी जातील."

"पॅच म्हणजे ठिगळच ना? सरकारी वस्तूला ठिगळ लावलं, तर ऑडिटला काय सांगू? फाटली होती म्हणून?"

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारं पूजायची, वापरायची नाहीत. उंबरकरांनी संगणकाला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि डोळे मिटले. तेवढ्यात मी अपडेटचं बटण दाबलं. त्यांनी डोळे उघडले, तर पडद्यावर अक्षरं उमटलेली: 'कृपया संगणक बंद करू नका.'

"बोलला रे!" उंबरकर गहिवरले. "खबरदार कोणी हात लावाल तर!" आणि दारात खुर्ची टाकून ते स्वतः पहाऱ्याला बसले.

पुढच्याच आठवड्यात व्हायरस आला. शेजारच्या तिन्ही विभागांचे संगणक बंद पडले. आमच्या खिडकीतून मात्र त्या दिवशी जन्माचे बावीस दाखले गेले. उंबरकरांनी संगणकापुढे पेढा ठेवला. तो मी खाल्ला.

ठिगळं मात्र दर महिन्याला येतात. सबब, खंडेनवमी वर्षातून बारा वेळा साजरी करण्यास मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.