नाव गुप्त राहील

एचआयव्हीबाधित आयांच्या मुलांचं शिक्षण, हा वृंदाच्या पीएचडीचा विषय. नाव गुप्त राहील या अटीवर खरवईच्या अंजनीताई मुलाखतीला तयार झाल्या होत्या. नवऱ्यामागे त्या लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन लेकीला शिकवत होत्या.

मुलाखत चालू असतानाच शेजारची बाई आली आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "उद्यापासून आमचा सुयोग नाय येणार शिकवणीला." मग तसेच आणखी दोन फोन आले.

"यांना कळलं तरी कुठून?" वृंदाने चिडून विचारलं.

"आठ वर्षं कुणालाच माहीत नव्हतं, मॅडम," अंजनीताई हळूच म्हणाल्या. "आज तुम्ही हे एड्स प्रकल्पाचं कार्ड गळ्यात घालून चार घरी माझा पत्ता विचारलात."

धरणीने पोटात घ्यावं, असं वृंदाला झालं. फॉर्मवर आता एकच प्रश्न उरला होता: 'या संशोधनामुळे तुम्हाला काही त्रास झाला का?' तो तिला मोठ्याने वाचवेना.

अंजनीताईंनी तिच्या हातातलं पेन घेतलं, 'नाही'वर खूण केली आणि त्या म्हणाल्या, "तुमचं शिक्षण तरी अडायला नको."