बिननावाची फाईल

"सगळं पुसा, पण माझी ती एक फाईल सोडा!" मासेवाला दारातूनच ओरडला.

चाळणीबाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही. संस्थेतल्या सूक्ष्मदर्शकांतून निघणारी लाखो चित्रं सांभाळणं हे त्यांचं काम, आणि दर शुक्रवारी पाच वाजता बिननावाच्या फायली पुसणं हा त्यांचा विरंगुळा. 'फायनल', 'नवी फायनल' आणि 'हीच ती फायनल' अशी नावं ठेवणाऱ्या विद्वानांना इथे मोठमोठी बक्षिसं मिळाली होती. चाळणीबाईंची माफी कुणालाच मिळाली नव्हती.

"नाव काय फायलीचं?"

"दिलं नाही."

"मग गेली."

"असं नका हो करू! मोठ्या पडद्यावर बघायला म्हणून इथे ठेवली होती. संध्याकाळी बाहेरगावाहून दोन परीक्षक येतायत. चित्र नाही दाखवलं तर मला उभं सोलतील."

माशांच्या काचेसारख्या अंड्यांत पिल्लं कशी वाढतात, हे मासेवाला कित्येक वर्षं पाहत होता. अनुदान बंद पडलं त्या दिवशीही तो शीळ घालत होता. आज मात्र घाबरला होता, आणि तरी गालातल्या गालात हसत होता. चाळणीबाईंना हे लक्षण काही बरं वाटलं नाही.

"दुसरी प्रत?"

"धुतली गेली."

"पुसली गेली म्हणायचंय का?"

"नाही, धुतली. शर्टाच्या खिशात होती. मीच मशीनमध्ये टाकला."

बाईंनी कपाळावर हात मारला. पेनड्राइव्हला अंघोळ घालणारा हा काही पहिला नव्हता.

"चित्रात काय आहे?"

"पिल्लू. डोकं मोठं, अंग मुडपलेलं."

"तुमच्या सगळ्याच चित्रांत तेच असतं. लांबी?"

"पाच सेंटिमीटर."

आता मात्र बाई वळल्या. "तुमची पिल्लं मिलिमीटरात असतात. मागच्या वर्षी मोजपट्टी चुकवलीत आणि पिल्लू रेड्याएवढं छापून आलं. आता हा मासा आहे की मगर?"

"या वेळी मोजमाप बरोबर आहे. बाईंनी स्वतः घेतलंय."

"कोण बाई?"

"बाहेरच्या. यंत्रही त्यांचंच."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?" त्यांनी परक्या यंत्राची फाईल शोधली. एकच निघाली. चित्रावर त्यांनी उडती नजर टाकली. त्यांचा सगळा जीव खालच्या नाव-तारखेच्या रकान्यांत. "शी! किती धुरकट! हे काय चित्र झालं?"

मासेवाला पडद्याला नाक लावून उभा होता. "सुंदर आहे ना?"

आपल्याच चित्राच्या प्रेमात पडलेले संशोधक बाईंनी ढिगाने पाहिले होते. डोळे पुसणारा हा पहिलाच.

"पाच वाजायला आलेत. नाव सांगा, नाहीतर पुसते. माझ्याकडे बिननावाचं काही राहत नाही."

"तिथेच तर घोडं अडलंय, बाई," मासेवाला चक्क लाजला. "माझी आई एक नाव धरून बसलीय, सासूबाई दुसरं. त्याचाच निकाल लावायला दोघी येतायत. आणि बायको म्हणते, आधी जन्माला तर येऊ दे!"