दुसरी सही

"ही तुमचीच सही ना, मॅडम?" नंदाताईंनी नोंदवहीवर बोट ठेवलं.

धम्मदीपच्या नावापुढची दुसरी सही शर्मिलाचीच होती. आम्लाचं काम एकट्याने करायचं नाही, शेजारी दुसरं माणूस हवं, हा प्रयोगशाळेचा नियम. आणि दुसऱ्याने सकाळीच सही ठोकून आपल्या वाटेने निघून जायचं, हा तिथला शिरस्ता. नियम भिंतीवर चिकटवलेला होता, शिरस्ता मात्र सगळे मनापासून पाळत.

धम्मदीपला जाऊन वर्ष झालं होतं. आज त्याची आई, नंदाताई, कर्वेनगरहून त्याच्या वह्या न्यायला आली होती.

"म्हणायचा, आई, मी चिरोट्याचे पापुद्रे सोडवतो."

ते खरंच होतं. करड्या भुकटीच्या प्रत्येक कणात थरावर थर असतात. आम्ल त्यातला अ‍ॅल्युमिनियमचा थर तेवढा खातं आणि उरलेले पापुद्रे सुटे होतात. त्या दिवशी तेच आम्ल त्याच्या मांडीवर सांडलं. पातळ केलेलं ते आम्ल अंगावर पडलं तरी आधी दुखत नाही, गुपचूप आत उतरतं आणि रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं. लगेच मलम चोळून दवाखाना गाठावा लागतो. मलम कपाटात होतं, कपाटाची किल्ली शर्मिलाच्या पर्समध्ये, आणि शर्मिला सदाशिव पेठेत चष्मा दुरुस्तीला गेलेली. ती परतली तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता. संध्याकाळी त्याचं हृदय थांबलं.

चौकशीत प्रयोगशाळेच्या साहेबांनी सही पाहिली आणि लिहिलं, सोबत होती, नियम पाळला होता. शर्मिला गप्प राहिली. तेव्हापासून धूर ओढणारा पंखा घरघरू लागला की तिला वाटे, पाठीमागे कोणीतरी आपली वाट बघत बसलंय. वळून बघायची तिला भीती वाटे.

"तुम्ही शेजारी होतात, हाच आधार आहे हो मला," नंदाताई म्हणाल्या. "त्यावर तर झोप लागते."

आता मात्र शर्मिलाला ते सहन होईना. या माऊलीने शिव्या दिल्या, पोलिसांत नेलं तरी चालेल, पण हे आभार नकोत.

"ताई, मी नव्हते तिथे. सही सकाळीच केली होती. तो एकटाच होता."

वर्षभराने तिला मोकळा श्वास घेता आला. नंदाताई रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

"त्याचा फोन आला होता मला. म्हणाला, जरा सांडलंय, दुखत नाही, दवाखान्यात जाऊ की काम आटपू? मी म्हटलं, दुखत नाही तर काम आटप." त्यांनी नोंदवही हळूच मिटली. "मग अहवालात वाचलं, मॅडम शेजारी होत्या. वाटलं, एवढ्या शिकलेल्या बाईंनीही त्याला काम आटपच म्हटलं असणार."

पंखा घरघरत होता.

"म्हणजे काम आटप म्हणणारी मी एकटीच होते."