नलिनीच्या कंदाची पिल्लं

"बाबा, झोपलेल्या कंदाला पाणी घालू नका, असं मी किती वेळा सांगायचं?" यामिनीने मे फ्लॉवरचा कंद कुंडीतून उचलला. तो बोटांत चेपला गेला आणि कुजका वास आला.

"कोरडा दिसत होता गं. रोज कपभरच घालायचो."

"थंडीत तो कोरडाच हवा! आता आईचं बोलणं कुठून ऐकायचं?"

वारण्यापूर्वी यामिनीच्या आईने, नलिनीने, आपलं बोलणं प्रयोगशाळेत त्या कंदाच्या जनुकांत लिहवून घेतलं होतं. मे महिन्यात लाल चेंडूसारखं फूल आलं, की त्यातली एक पाकळी वाचनयंत्रात ठेवायची आणि नलिनी बोलायची. दुसरी प्रत तिने ठेवूच दिली नव्हती.

आवाज ऐकून शेजारच्या चौगुलेकाकू कुंपणापाशी आल्या. "अगं, कंदाला बाजूने पिल्लं फुटतात. कंदात जे लिहिलेलं असतं, तेच पिल्लांत उतरतं. या कंदाची तीन पिल्लं नलिनीनेच मला दिली होती."

यामिनी चमकली. "म्हणजे तुम्हीसुद्धा ऐकता?"

"दरवर्षी. माझी आमटी पाणचट म्हणते. मी फार बोलते म्हणते."

"मग एक पिल्लू द्या ना, काकू!"

"यांच्या हाती? मुळीच नाही," काकू बाबांकडे बघत कडाडल्या. मग म्हणाल्या, "मे महिन्यात दोघं माझ्याकडे या. एकटीने तिच्या शिव्या ऐकताना मला फार रडू येतं."