शुद्धीवर

लोनीनं गोळी थुंकली. ती थेट पहारेकरी हॅस्केलच्या बुटावर पडली.

"विष घालताय मला," लोनी भिंतीला म्हणाला. "सगळे मिळून."

"दुसरी द्या इकडे," व्हर्लीन म्हणाली. तिनं बाहेरच्या मशीनमधून घेतलेल्या गोड पावात गोळी दाबली, दुसऱ्या टोकाचा घास आधी स्वतः खाल्ला आणि उरलेला त्याच्या ओठांशी धरला. "खा, राजा. मी खाल्लं, मेले का?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत ओळख नव्हती, पण तोंड उघडलं.

ओक्लाहोमातल्या त्या तुरुंगात वेड लागलेल्या कैद्यांची वेगळी बराक होती. तिथं लोनी दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणीही घेत नसे. म्हणून डॉक्टर प्रुइटनी खास परवानगी काढली आणि व्हर्लीन रोज दुपारी आपली जुनी पिकअप हाकत येऊ लागली.

"तुमच्यासारखं काळीज देव एखाद्यालाच देतो, बाई," हॅस्केल म्हणायचा. व्हर्लीन नुसती हसायची.

एकदा लोनीची वकील, मिस ऑर्टेगा, तिला गाडीपाशी आडवी आली.

"गोळ्या नका देऊ त्याला. हात जोडते."

"भिंतीशी बोलतो तो. स्वतःच्या घाणीत झोपतो."

"झोपू दे. निदान जगेल तरी."

"माझ्या घरचं माणूस आहे ते," व्हर्लीन म्हणाली. "अंधारात सोडून देऊ?"

वकीलबाई वाटेतून बाजूला झाल्या.

गहू कापणीला आला तोवर भिंत गप्प झाली होती. लोनी अंघोळ करू लागला. हॅस्केलला नावानं हाक मारू लागला, बेसबॉलमध्ये कोण जिंकलं ते विचारू लागला. व्हर्लीनकडे मात्र तो नुसता बघत राही, काहीतरी जिभेवर येऊन अडल्यासारखा.

मग एका दुपारी पाव त्याच्या हातातच राहिला.

"आई?"

व्हर्लीन पुढे झुकली. या एका हाकेची तिनं किती वाट पाहिली होती!

"बोल, राजा. आठवतंय?"

"स्वयंपाकघर... मेरीबेथ ओट्यापाशी उभी होती." तो गदगदून रडू लागला. "मी मारलं तिला, आई. माझ्या बायकोला, तुमच्या लेकीला. पोटुशी होती ती. आणि तुम्ही मला घास भरवताय!"

व्हर्लीन त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. तो शांत झाल्यावर उठली आणि डॉक्टरांच्या खोलीत गेली.

"काय केलं, त्याची शिक्षा काय, सगळं समजतंय ना त्याला?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. "समजतंय."

"मग कळवा कोर्टाला," व्हर्लीन म्हणाली. "आपण का मरतोय हे ज्याला कळत नाही, त्याला मारणं घटनेत बसत नाही म्हणून मृत्युदंडाची सुई अडवून धरली होती तुम्ही. आता ठरवू दे त्यांना तारीख."