ढालीवर ठिगळ

"मावशी, दोनला गाडी सुटणार!" सुभेदार तिसऱ्यांदा ओरडले. तीस जवान सीमेवर निघाले होते. शत्रूला पलटण ओळखू येऊ नये, म्हणून पलटणीचे कपडे शिवणारी गोदाक्का सकाळपासून त्यांच्या बाह्यांवरचे वाघाच्या ढालीचे बिल्ले उसवत होती.

एक हवालदार सदरा चढवून उन्हात गेला आणि तिची नजर त्याच्या बाहीवर खिळली. बाही उन्हापावसानं विटली होती, पण बिल्ल्याखालचं कापड हिरवंगार राहिलं होतं. ढाल गेली, तरी तिचा आकार लांबूनही ओळखू येत होता.

"काढा सगळ्यांनी सदरे!" ती कडाडली. "असं मी जाऊ देणार नाही." तिनं ताग्यातून चौकोनी ठिगळं कापली आणि मशीन धडधडू लागली. सुभेदार घड्याळ बघत येरझारा घालत होते.

रांगेत शेवटी तिचा मुलगा होता. पलटणीत येऊन त्याला जेमतेम महिना झाला होता. त्याच्या नव्याकोऱ्या बाहीवर खूण उमटलीच नव्हती.

"तुला नको. पळ, गाडीत बस."

तो हलला नाही. "सगळ्यांना ठिगळ आहे, आई. आता तोच आपला बिल्ला. मी एकटाच बिनबिल्ल्याचा जाऊ?"

शेवटचं ठिगळ तिनं हातानं शिवलं, एकेक टाका घालत. या वेळी सुभेदारांनी घाई केली नाही.